गंज आणि झीज

मराठी शाळांच्या फळ्यावर वर्षातून एकदा तरी उमटणारा एक सुविचार आहे : 'गंजण्यापेक्षा झिजणे बरे.' नववीत असताना मी त्यावर कल्पनाविस्तार लिहिला होता. त्यात चंदन होते, मेणबत्ती होती, दोन समाजसुधारकांची नावे होती आणि शेवटी 'म्हणूनच म्हटले आहे की' अशी सुरुवात करून सुविचार पुन्हा एकदा लिहिलेला होता. दहापैकी आठ गुण मिळाले. पुढे मराठीची प्राध्यापक झाल्यावर तोच विषय मी इतरांना दिला आणि तसेच निबंध तपासून तसेच गुणही दिले. या सर्व वर्षांत मी, किंवा माझ्या विद्यार्थ्यांपैकी कोणीही, प्रत्यक्ष गंजलेल्या लोखंडाकडे पाहून त्या वाक्याचा विचार केला नव्हता. गंज हा आमच्यासाठी आळसाचा प्रतिशब्द होता आणि झीज हा त्यागाचा. दोन्हींमध्ये लोखंड कुठेच नव्हते.

ते लोखंड माझ्या आयुष्यात फार उशिरा आले, एका घडीच्या चाकूच्या रूपाने.

चाकू माझ्या वडिलांचा. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. दापोली तालुक्यातल्या एका खेड्यात ते प्राथमिक शिक्षक होते आणि शाळा सुटल्यावर उरलेल्या वेळात बागायतदार. चाकूचे पाते जेमतेम तीन इंचांचे, साध्या पोलादाचे, म्हणजे स्टेनलेस नव्हे. मूठ शिसवी, आत दोन पितळी पट्ट्या. पात्यावर मुठीलगत ठिपक्याठिपक्यांनी अण्णांची आद्याक्षरे उमटवलेली होती. बाजारात लग्नाच्या भांड्यांवर नावे घालून देणारा जो माणूस बसे, त्याच्याकडून आईच्या तांब्या-पितळ्यांवर नावे घालून घेताना अण्णांनी खिशातला चाकूही पुढे केला होता, असे आई सांगे. त्या दिवसापासून तो त्यांच्या सदऱ्याच्या उजव्या खिशात राहिला. त्या खिशाला त्याच्या आकाराचा फुगवटा कायमचा आलेला असे, इतका की सदरा दोरीवर वाळत असतानाही चाकूची जागा ओळखू येई.

या चाकूने अण्णा शाळेत बोरू छाटून देत. बॉलपेन खेड्यात सर्रास झाल्यावरही सुंदर अक्षरासाठी बोरूच हवा असा त्यांचा हट्ट होता. बोरू डाव्या हातात धरायचा, पाते तिरके लावायचे आणि एकाच ओढीत टोक उतरवायचे. दुसऱ्यांदा पाते लावावे लागले तर तो बोरू मुलाला न देता ते स्वतःजवळ ठेवत. आणि याच चाकूने, याच तिरक्या ओढीने, ते पावसाळ्यात आंब्याची कलमे बांधत.

'कलम' या शब्दाची गंमत भाषेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. लेखणीही कलम, कायद्यातला परिच्छेदही कलम आणि कोकणात दारात उभा असलेला हापूसही कलमच. अरबीतून फारसीवाटे आलेल्या या शब्दाचे मूळ ग्रीकमधल्या वेत किंवा बोरू अशा अर्थाच्या शब्दापर्यंत नेतात. म्हणजे लिहायचे ते छाटलेले बोरू आणि जोडायची तीही छाटलेली फांदी. वर्गात मी ही व्युत्पत्ती अनेकदा सांगितली आहे आणि मुलांनी ती वहीत उतरवून घेतली आहे. पण या सगळ्या अर्थांच्या मध्यभागी एक छेद आहे आणि तो छेद देणारे एक पाते आहे, हे माझ्या ध्यानात आले ते त्या पात्याला गंज चढल्यानंतरच.

*

अण्णांच्या हातांना कंप सुरू झाला तेव्हा २०१७ साली त्यांनी तो चाकू माझ्याकडे दिला. म्हणाले, "अगो, हा तुझ्याकडे ठेव आता. माझ्या हातात तो बरा नाही. तेल देत जा फक्त."

मी तो फार आदराने स्वीकारला, आणि माझी चूक तिथेच झाली. त्याच्यासाठी मी चामड्याचे छोटेसे पाकीट आणले. ते रोज पर्समध्ये असे. महाविद्यालयात, एसटीत, परीक्षेच्या कामासाठी परगावी, सर्वत्र तो माझ्याबरोबर असे. सहकाऱ्यांना मी तो काढून दाखवी, वडिलांची गोष्ट सांगे आणि पुन्हा पाकिटात ठेवी. सफरचंद कापायला पर्समध्ये दुसरी प्लास्टिकच्या मुठीची सुरी होती. अण्णांचा चाकू रोज बरोबर होता, पण रोज हातात नव्हता. वारशाच्या वस्तूंशी आपण बहुधा असेच वागतो. त्यांना जपतो, म्हणजे त्यांना काम देत नाही.

मी समुद्रापासून दोनेक किलोमीटरवर राहते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात कपाटातल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशीची पांढरी साय धरते, मीठ बरणीत पाघळते, काडेपेटी ओढून ओढून गुळगुळीत होते. हे सगळे मला दिसत होते. लोखंडाला काय होत असेल हा प्रश्न मात्र पडला नाही.

आता जे ठाऊक आहे ते सांगते. लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, पण पाणी म्हणजे पाऊस अंगावर पडायला हवा असे नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे साठ टक्क्यांच्या वर गेली की धातूच्या पृष्ठभागावर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसू लागतो. कोकणात जुलैमध्ये ती दिवसेंदिवस नव्वदीच्या आसपास असते. त्यात मीठ मिसळले की काम फार जलद होते, कारण खारे पाणी विद्युत् वाहक असते आणि गंज चढणे ही मुळात विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. मीठ समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात असते, तसेच आपल्या तळहाताच्या घामातही असते. पात्याला बोट लावून चाकू मिटला की बोटाचा ठसा काही दिवसांनी तांबूस होऊन उमटतो. मी तो पाहिला आहे. दुसऱ्या कोणाचा नसून माझाच ठसा होता.

पाकिटाची गोष्ट त्याहून वाईट. चामडे कमावताना वापरलेली आम्ले आणि क्षार त्यात उरलेले असतात, आणि चामडे हवेतला ओलावा शोषून धरून ठेवते. म्हणजे मी तो चाकू संरक्षणासाठी म्हणून अशा जागी ठेवला होता जिथे त्याला गंज चढण्याची उत्तम सोय होती. अण्णांच्या सदऱ्याचा सुती खिसा रोज धुतला जाई, रोज वाळे. चाकू दिवसातून दहा वेळा उघडे, पुसला जाई, मिटे. त्या ढिसाळ दिसणाऱ्या वागणुकीत जी काळजी होती ती माझ्या पाकिटात नव्हती.

आणखी एक गोष्ट. लोखंडावरचा तांबूस गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहत नाही, फुगतो, त्याचे पापुद्रे निघतात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. तांब्यावर चढणारा हिरवट थर तांब्याला बरेचसे झाकून टाकतो. लोखंडाला तेवढेही नशीब नाही. त्यातून पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकलेले असले आणि मध्ये खारट ओल असली, तर झिजते ते लोखंडच, पितळ शाबूत राहते. अण्णांच्या चाकूत पाते दोन पितळी पट्ट्यांच्या मध्येच मिटत होते.

*

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि मी अण्णांकडे खेड्यावर गेले. पर्स मागच्या खोलीत खुंटीला अडकवली ती अडकवलीच. अडीच महिने तिला कोणी हात लावला नाही. बाहेर जायचेच नव्हते तर पर्स कशाला लागणार?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले. आमच्या दापोली आणि मंडणगड भागालाही त्याने झोडपले. कौले उडाली, विजेचे खांब आडवे झाले, पोफळी मधोमध मोडल्या. वीज कित्येक गावांत अनेक आठवडे नव्हती. आमच्या विहिरीजवळचा हापूस त्या दुपारी उन्मळून पडला. अण्णांनी तरुणपणी स्वतःच्या हाताने बांधलेले ते पहिले कलम. तेव्हा भेटकलमाची पद्धत होती. रोपाची कुंडी झाडाच्या फांदीपर्यंत उंच बांधायची आणि दोघांची साल सोलून त्यांना महिनोन् महिने एकमेकांना बांधून ठेवायचे. कोय रुजल्यावर कोवळ्या कोंबावरच काडी बसवायची कोयकलमाची सोपी पद्धत पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने रूढ केली आणि अण्णा तीही शिकले.

झाड पडले, पण एका अंगाची मुळे मातीतच राहिली होती. त्यामुळे आठवडा उलटला तरी त्या बाजूची पाने हिरवी होती. अण्णा रोज सकाळी काठी टेकत तिथे जाऊन उभे राहत. आठव्या-नवव्या दिवशी म्हणाले, "अगो, याच्या काड्या घ्यायला हव्यात. पंधरा दिवसांत हे वाळेल. चाकू आहे ना तुझ्याकडे?"

मी म्हटले, "आहे की, अण्णा."

कोयकलम पावसाळ्यातच बांधतात. कलमकाडी आणि कोंब यांचा जोड मिळून येईपर्यंत दोन्हींतला ओलावा टिकायला हवा आणि तो जून-जुलैची ओली हवाच टिकवते. जी हवा कलमाला जगवते तीच चाकूला खाते. मे महिन्यात खाल्लेल्या रायवळ आंब्यांच्या कोयी अण्णांनी नेहमीप्रमाणे परसातल्या वाफ्यात टाकल्या होत्या. त्यांना तांबूस कोंब येऊ लागले होते. दहा ते पंधरा दिवसांचा कोंब या कामाला योग्य. तो कोयीच्या वर बोटभर ठेवून छाटायचा, त्याला मधोमध दीड-दोन इंच उभी चीर द्यायची, काडीला दोन्ही अंगांनी तेवढाच पाचरीसारखा काप द्यायचा आणि ती पाचर चिरेत बसवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचे. दोन्ही काप अगदी सपाट हवेत. काप खडबडीत झाला तर मध्ये पोकळी राहते, पोकळीत पाणी शिरते आणि जोड सडतो. सगळे काही त्या पात्याच्या धारेवर अवलंबून असते.

मी मागच्या खोलीत जाऊन पर्स काढली. पाकीट हिरवट झाले होते. आतला चाकू उघडेना. नखाने ओढले तर नख मोडले. बिजागरीच्या खिळ्यात रॉकेलचे थेंब सोडून तासभर ठेवल्यावर तो करकरत उघडला आणि माझ्या मांडीवर तांबूस भुकटी सांडली. पाते अर्ध्याहून अधिक गंजले होते. आणि सर्वांत जास्त गंज कुठे असावा? अक्षरांत. ठोकून उमटवलेला प्रत्येक ठिपका म्हणजे एक सूक्ष्म खळगा. पाणी तिथे साचते, फडके तिथवर पोचत नाही, तेलाची घडी तिथे आधी मोडते. अण्णांच्या आद्याक्षरांवर काळसर तपकिरी खपल्या धरल्या होत्या. जिथे नाव घातले होते तिथेच गंजाने आधी घर केले होते.

अण्णा पुढच्या पडवीत बसले होते. त्यांच्यासमोर हा चाकू असा नेण्याची मला लाज वाटली. दारे रंगवण्यासाठी आणलेला जाड पॉलिशपेपर माळ्यावर पडला होता. तो घेऊन मी न्हाणीघरामागे गेले आणि अर्धा तास पाते घासत राहिले. भीतीने घासत होते, त्यामुळे फार जोराने. गंज निघाला. पाते चकाकू लागले. मग पाण्याने धुऊन पदराने पुसले आणि उजेडात धरून पाहिले. अक्षरे नव्हती. एका अक्षराच्या काठाचे दोन-तीन ठिपके तेवढे उरले होते, तेही आहेत हे ठाऊक असल्यामुळे दिसत होते. खोल गंजाचे खळगे मात्र होते तिथेच होते. जायचे ते राहिले आणि राहायचे ते गेले.

'गंजण्यापेक्षा झिजणे बरे' या वाक्यात गंज आणि झीज हे दोन वेगळे रस्ते मानलेले आहेत. त्या दिवशी मला कळले की ते एकाच रस्त्यावरचे दोन टप्पे आहेत. गंज म्हणजे लोखंडाची झीजच, फक्त ती कोणाच्या कामाला न येता होते. आणि चढलेला गंज काढायचा तर आणखी झीज करावी लागते, कारण गंजाबरोबर त्याच्याखालचे चांगले लोखंडही थोडे खरवडून निघते. मी नववीत लिहिलेल्या कल्पनाविस्तारात हे कुठेच नव्हते.

चाकू अण्णांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा थरथरत मुठीलगतच्या जागेवर नेला. डोळ्यांना त्यांना फारसे दिसत नसे. ती अक्षरे ते अंगठ्यानेच वाचत असणार. अंगठा तिथे दोनदा फिरला, मग थांबला. मी उभी होते. काही क्षणांनी ते म्हणाले, "राखेने घासायचं होतंस गो. राख नि तेल." आणि मग, "निसणा आण. धार गेली असेल."

त्याखेरीज ते त्या विषयावर कधीही काही बोलले नाहीत. रागावले असते तर मला सोपे गेले असते.

*

निसण्यावर धार कशी लावायची ते त्यांनी खुर्चीत बसून सांगितले आणि मी लावली. पात्याच्या मागच्या भागात गंजाचा एक खळगा थेट धारेपर्यंत आलेला होता. तिथे धार तुटत होती. "पुढच्या अर्ध्यानं काप," अण्णा म्हणाले. "एका ओढीत. कुरतडू नको." हे वाक्य मी लहानपणी बोरूंच्या संदर्भात ऐकलेले होते. एकवीस कलमे बांधली. पहिल्या सात-आठांचे काप मला स्वतःलाच पाहवत नव्हते. दर दोन-तीन कापांनंतर ते पाते पुसायला लावत, कारण आंब्याचा चीक आम्लधर्मी असतो आणि पोलादाला लगेच काळे करतो. महिन्याभराने मोजले तेव्हा सहा कलमांना पालवी होती. मी ओशाळून आकडा सांगितला. अण्णा म्हणाले, "माझी पहिल्या वर्षी चारच जगली होती."

चीक पोलादाला काळे करतो यात मात्र एक वेगळी गोष्ट दडलेली होती. त्या पावसाळ्यात रोज काम करून पाते हळूहळू निळसर-काळपट झाले. मला वाटले पुन्हा बिघडले, म्हणून मी राख घेऊन बसले, तर अण्णांनी थांबवले. तो रंग काढायचा नसतो. कैरी, लिंबू, कांदा, फळांचे चीक यांतल्या आम्लांनी आणि तुरट द्रव्यांनी पोलादावर जो काळपट थर धरतो, तो लाल गंजासारखा फुगत नाही. तो पातळ असतो, धातूला चिकटून राहतो आणि पुढच्या गंजाचा वेग कमी करतो. पूर्ण संरक्षण देत नाही, पण चकचकीत पात्यापेक्षा असे काळवंडलेले पाते पावसाळा अधिक सोसते.

तुरट द्रव्य आणि लोखंड यांच्या संयोगातून येणारा हा काळा रंग आपल्या, म्हणजे अक्षरांच्या, परिचयाचा आहे. हिरडा आणि हिराकस एकत्र करून जी काळी शाई बनवत, तिचे तत्त्व हेच. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. पात्यावरून अण्णांची अक्षरे गेली आणि काही आठवड्यांनी त्या पात्यावर एका प्रकारची शाई धरली. या योगायोगाचा फार मोठा अर्थ काढण्याचा मोह मी टाळते. पण तो मला दिसला होता, हे नमूद करते.

दिल्लीतला मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे आणि तो गंजत नाही असे आपण अभिमानाने सांगतो. कानपूरच्या आयआयटीतील संशोधक आर. बालसुब्रमणियम यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यांचे म्हणणे असे की त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण जास्त असल्यामुळे धातूच्या पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर हळूहळू तयार झाला. दिल्लीच्या बऱ्याचशा कोरड्या हवेचाही त्याला हातभार लागला. म्हणजे तो स्तंभ अस्पर्श राहिला म्हणून टिकलेला नाही. त्याच्यावर हवेचा परिणाम झाला आणि त्या परिणामाचेच त्याला पांघरूण मिळाले.

आपल्या संतवाङ्मयात लोखंडाचा दृष्टांत वारंवार येतो तो परिसाच्या जोडीने. परिसाचा स्पर्श होतो आणि लोखंडाचे सोने होते. एम. ए. ला हा दृष्टांत मी शिकवते आणि तो सुंदर आहे याबद्दल वाद नाही. पण त्यात लोखंडाला एकच भवितव्य आहे : लोखंड न राहणे. सोने झाले की गंजाची चिंता संपली. पण सोन्याच्या पात्याने कलम बांधता येत नाही. ज्या लोखंडाला परीस कधीच भेटणार नाही, ज्याला ओल्या हवेत लोखंड म्हणूनच रोज काम करायचे आहे, त्याने काय करावे? अध्यात्माच्या अंगाने पाहिले तर हा प्रश्न क्षुल्लक असेल. संसाराच्या अंगाने तो आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचा आहे. त्याचे उत्तर सुविचारात नाही आणि दृष्टांतातही नाही. आपल्या भाषेत त्यासाठी एक अगदी घरगुती शब्द आहे : तेलपाणी.

*

ते तेलपाणी आता मी कसे करते ते लिहून ठेवते. लिहायला लाज वाटावी इतके ते साधे आहे.

चामड्याचे पाकीट टाकून दिले. चाकू आता सुती पिशवीत असतो आणि ती पिशवी आठवड्यातून एकदा धुतली जाते. रोज संध्याकाळी घरी आल्यावर चाकू उघडायचा, वापरला असो वा नसो. गोड्या पाण्याने ओले केलेल्या फडक्याने पाते पुसायचे म्हणजे घामाचे आणि वाऱ्याचे मीठ निघते. मग कोरड्या फडक्याने पुसायचे. मुठीच्या खाचेत कापसाचे तंतू आणि धूळ जमते आणि ते ओल धरून ठेवतात, म्हणून ती खाच काडीने साफ करायची. पावसात भिजून आले तर चुलीच्या किंवा शेगडीच्या उबेशी चाकू उघडा ठेवायचा. उन्हाची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण ते दसऱ्यापर्यंत येईलच असे नाही.

मग तेल. बिजागरीच्या खिळ्यात शिवणयंत्राचे तेल, एकच थेंब. ते पातळ असल्यामुळे आत झिरपते आणि चिकट होत नाही. पात्याने फळे कापायची असतात म्हणून त्याला खोबरेल. शेंगदाण्याचे किंवा जवसाचे तेल लावून पाहिले, पण ते हवेने आटून चिकट होते, जवसाचे तर सुकून त्याचा पापुद्राच बनतो. पावसाळ्याच्या ऐन दोन महिन्यांत मात्र भिरंडेल. कोकमाच्या बियांपासून काढलेले हे तेल खोलीच्या उष्णतेला घट्ट गोळा असते. भेगाळलेल्या टाचांना लावायला ते कोकणातल्या बहुतेक घरांत असतेच. किंचित गरम करून पात्याला चोळले की त्याचा मेणासारखा थर बसतो आणि खोबरेलासारखा ओघळून जात नाही. मुठीलगतच्या खळग्यांत ते मी बोटाने दाबून भरते. टाचेच्या भेगा आणि पात्याचे खळगे यांना एकच औषध, याचे मला आता आश्चर्य वाटत नाही.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे : रोज काहीतरी कापायचे. दुपारच्या डब्यातली काकडी, पेन्सिल, टपालाचे पाकीट, काहीही. कापल्याशिवाय चाकू उघडत नाही, उघडल्याशिवाय पुसला जात नाही.

गेल्या वर्षी वर्गाबाहेर एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, एवढं करण्यापेक्षा स्टेनलेसचा घ्या ना. शंभर रुपयांत मिळतो." तिचे म्हणणे चूक नाही. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली पोलादात क्रोमियम मिसळून हा प्रश्न बव्हंशी सोडवून ठेवलेला आहे. साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असले की त्याच्या ऑक्साइडचा अदृश्य थर धातूवर आपोआप तयार होतो आणि खरचटला तर आपोआप भरूनही येतो. समुद्राच्या मिठाने त्यालाही बारीक टिंबे पडतात, पण रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसावे लागत नाही. मासे साफ करायला माझ्याकडे तशीच सुरी आहे. मी तिला म्हटले, "बरोबर आहे तुझं. पण हा माझ्याकडे आहे." याहून चांगले उत्तर मला सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

*

अण्णा २०२२ च्या हिवाळ्यात गेले. त्याआधीचे शेवटचे काही महिने संध्याकाळी चाकू पुसून झाला की मी तो मिटून त्यांच्या हातात देत असे. ते अंगठ्याने मूठ चाचपत, उघडू पाहत नसत. "तेल दिलंस?" एवढेच विचारत. मी "हो अण्णा" म्हणे. तोपर्यंत त्यांना अनेक गोष्टींचे विस्मरण झाले होते. माझे नावही ते कधीकधी विसरत. नावाच्या जागी 'अगो' पुरत होते.

ते गेल्यानंतर मी एकदा बाजारात गेले होते. भांड्यांवर नावे घालणारा माणूस अजून बसतो. पूर्वीचा हातोडी आणि खिळा जाऊन आता त्याच्याकडे विजेवर चालणारे यंत्र आहे. मी चाकू त्याच्यापुढे ठेवला. त्याने पाते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "काय नाव घालू, बाई?"

वास्तविक मी हेच सांगण्यासाठी तिथे गेले होते. तरी मला उत्तर देता येईना. अण्णांचे घालावे, तर ती अक्षरे त्यांच्या वेळची राहणार नाहीत. माझ्या अपराधावर घातलेली ती झाकणी ठरेल. माझे घालावे, तर कोणत्या अधिकाराने? शिवाय, नाव घातले की पुन्हा तेच खळगे पडणार आणि पाणी आधी तिथेच साचणार, हेही आता ठाऊक होते. मी त्याला म्हटले, "राहू दे, नंतर येते." त्याने चाकू परत दिला. माझ्या हाताला त्याच्या हाताचा घाम लागला, म्हणून घरी येऊन आधी पाते पुसले.

त्या सहा कलमांतली दोन पुढच्या दोन उन्हाळ्यांत वाळली. चार आहेत. विहिरीजवळ, पडलेल्या झाडाच्या जागेपासून थोड्या अंतरावर लावलेले त्यांतले एक माझ्या डोक्याच्या वर गेले आहे. दर जूनमध्ये मी सुट्टीचे दोन-तीन दिवस तिथे जाते आणि त्याच्या काड्या घेऊन पाच-सहा कोयींवर बांधते. मागच्या वेळी सहापैकी चार जगली. काप आता एका ओढीत येतो. पात्याचा मागचा भाग अजूनही वापरता येत नाही. तो खळगा निघेपर्यंत धार लावत गेले तर पाते निम्मे होईल. म्हणून पुढच्या अर्ध्यानेच कापते. काम झाले की चीक पुसते, भिरंडेल लावते आणि मुठीलगतच्या त्या जागेवरून अंगठा एकदा फिरवते. दोन-तीन ठिपके अजून लागतात.